ठरवलेला दिनक्रम दहाव्या दिवशी मोडतो : बिघाड कुठे शोधावा

गेली बारा वर्षे मी कराडमध्ये एक अभ्यासिका चालवतो. साठ टेबले, पाण्याचा कूलर, भिंतीवर एक घड्याळ आणि दाराशी हजेरीची वही एवढाच तिचा पसारा आहे. येणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची मुले-मुली सर्वांत जास्त, त्याखालोखाल सीएचे विद्यार्थी, आणि संध्याकाळी सहानंतर नोकरी सांभाळून खात्यांतर्गत परीक्षेची तयारी करणारे किंवा अर्धवट राहिलेला प्रबंध पुरा करू पाहणारे. या सगळ्यांमध्ये मी एकच बिघाड पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि तो हजेरीच्या वहीत स्पष्ट उमटतो : महिन्याच्या पहिल्या आठ-नऊ दिवसांत पहाटे साडेपाचची सही, मग सहा चाळीसची, मग सव्वाआठची, आणि त्यापुढे रिकामा रकाना. नव्याचे नऊ दिवस ही म्हण मला त्या वहीत शब्दशः वाचायला मिळते.

अशा वेळी बहुतेक जण 'माझ्यात चिकाटीच नाही' असे निदान करून मोकळे होतात. या निदानाचा काहीच उपयोग नाही, कारण त्यात दुरुस्त करण्याजोगा एकही भाग सापडत नाही. दिनक्रम दर वेळी साधारण त्याच ठिकाणी मोडत असेल, तर ते ठिकाण शोधता येते. खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकटपासून अवघड आणि किंमत मोजायला लावणाऱ्या अशा क्रमाने लिहिल्या आहेत. एका वेळी एकच बदल करावा आणि तो किमान नऊ-दहा दिवस चालवून पाहावा. पाच बदल एकदम केले, तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

लक्षणे

सुरुवात नेहमी एखाद्या ठळक दिवशी होते : एक तारीख, सोमवार, पाडवा किंवा वाढदिवस. पहिला आठवडा इतका चांगला जातो की घरची माणसेही कौतुक करतात. नवव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान एक खाडा पडतो, आणि त्या एका खाड्यापाठोपाठ सगळाच दिनक्रम गुंडाळला जातो. मग काही दिवस स्वतःवर राग, आणि त्यानंतर आधीपेक्षा कडक वेळापत्रक, नव्या वहीत, नव्या तारखेपासून.

नोकरीच्या ठिकाणी याचेच रूप थोडे वेगळे असते. दिवसभर हात रिकामा नसतो, मेलला उत्तरे जातात, किरकोळ सह्या होतात, टेबल आवरले जाते. पण ज्या अहवालासाठी किंवा फायलीसाठी सकाळी ठरवून बसलो होतो, ती दुपारी चारनंतरच उघडली जाते. रात्री दहा-अकराला अचानक तरतरी येते, अंथरुणात मोबाइल पाहता पाहता साडेबारा वाजतात, आणि सकाळचा गजर तीनदा पुढे ढकलला जातो.

यात एक फरक आधीच ओळखावा. जे काम टाळले जाते तेच जड वाटत असेल आणि बाकी आयुष्यात रस टिकून असेल, तर खालच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत. आवडत्या गोष्टीही दोन आठवड्यांपासून नकोशा झाल्या असतील, तर मधले सगळे सोडून थेट शेवटचा भाग वाचावा.

पहिली तपासणी : आठवड्याची खरी नोंद

याला एक कोरा कागद पुरतो. सात दिवस काहीही सुधारायचे नाही, फक्त लिहायचे : ठरलेली वेळ कोणती होती, प्रत्यक्षात कधी बसलो, कधी उठलो, आणि बसायला उशीर झाला असेल तर त्याआधीच्या दहा मिनिटांत काय चालले होते. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. एका मुलाची खात्री होती की आपली सकाळ झोपेमुळे वाया जाते. त्याच्या कागदावर सातपैकी पाच दिवस तो पाच वाजता उठलेला निघाला. सगळा उशीर अंघोळीचे पाणी तापेपर्यंत हातात घेतलेल्या मोबाइलमुळे होत होता. त्याने गजराची तीन घड्याळे आणून ठेवली होती. बिघाड होता पाणी तापण्याच्या वीस मिनिटांत.

नोंद न करता केलेली दुरुस्ती बहुधा चुकीच्या जागी होते, म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी वगळू नये.

दुसरी तपासणी : वेळापत्रकाची बेरीज

आता वेळापत्रकातील सगळे तास एकदा बेरीज करून पाहावेत. माझ्यापुढे एकदा असे वेळापत्रक आले : पहाटे पाच ते रात्री अकरा, त्यात चौदा तास अभ्यास, दोन तास वर्तमानपत्र आणि चालू घडामोडी, एक तास व्यायाम. जेवणासाठी दोन्ही वेळचा मिळून एक तास होता, पण मेसपर्यंत जाण्या-येण्याला एक मिनिटही नव्हता, कपडे धुण्याला नव्हता, घरून येणाऱ्या फोनला नव्हता. त्याच मुलाच्या आठवड्याच्या नोंदीत प्रत्यक्ष बैठक होती रोजची पाच तास चाळीस मिनिटे. चौदा आणि पावणेसहा यांतला फरक रोज रात्री त्याच्या मनात पराभव म्हणून जमा होत होता, आणि नवव्या-दहाव्या दिवशी तो पेलवेनासा झाला.

स्वतःच्या वेळेचा अंदाज चुकणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात त्यांना सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. सगळे काही वाईटात वाईट झाले तर किती दिवस लागतील, याचा त्यांनीच दिलेला अंदाजही सुमारे ४९ दिवसांचा, म्हणजे कमीच होता.

उपाय सरळ आहे. नोंदीत जितके तास आले तितक्याच तासांचे वेळापत्रक पहिल्या पंधरवड्यासाठी करावे. पावणेसहा असतील तर पावणेसहाच. दोन आठवडे ते पाळले गेले की अर्धा तास वाढवावा. हे सांगितल्यावर चेहरे पडतात, कारण परीक्षा जवळ असते. पण चौदा तासांच्या कागदामुळे एकही तास वाढलेला मी पाहिलेला नाही.

तिसरी तपासणी : पहिली कृती नेमकी आहे का

'सकाळी सात ते नऊ : इतिहास' असे लिहिले असेल, तर सात वाजता मेंदूला आधी निर्णय घ्यावा लागतो की कोणते पुस्तक, कोणते प्रकरण, वाचायचे की प्रश्न सोडवायचे. निर्णय घेणे कष्टाचे असते, आणि त्या क्षणी हात सोप्या गोष्टीकडे वळतो. त्याऐवजी आदल्या रात्री 'पान ११२ ते १२६, आणि त्यावरचे दहा प्रश्न' असे लिहून, पुस्तक त्या पानावर उघडून ठेवावे. कार्यालयात 'अहवाल' असे न लिहिता 'अहवालातील खर्चाचा तक्ता भरणे' असे लिहावे.

याच्या जोडीला वेळेऐवजी एखादी रोजची घटना खूण म्हणून धरावी : चहाचा कप विसळून पालथा घातला की खुर्चीत बसायचे. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अशा 'अमुक झाले की तमुक करीन' प्रकारच्या संकल्पांवर दीर्घकाळ काम केले आहे. त्याच्या १९९७ मधील एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक टिपण लिहून पाठवायचे होते. ते कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवले होते, त्यांच्यापैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांनी ते वेळेत लिहिले. ज्यांनी तसे ठरवले नव्हते, त्यांच्यापैकी साधारण एक-तृतीयांशांनीच. इच्छा दोन्ही गटांची होती.

चौथी तपासणी : मोबाइल कुठे आहे

तो बंद आहे का, पालथा आहे का, आवाज बंद आहे का, हे सगळे दुय्यम आहे. तो हाताच्या अंतरावर आहे की उठून जावे लागेल इतक्या अंतरावर आहे, एवढेच पाहावे. सुरुवातीची तीन वर्षे मी 'मोबाइल सायलेंट ठेवा' अशी पाटी लावली होती आणि तिचा काडीचाही परिणाम झाला नाही. मग सुताराकडून दाराशी साठ कप्प्यांचे लाकडी फडताळ करून घेतले. सक्ती केली नाही, फक्त कप्प्यावर टेबलाचा क्रमांक लिहिला. जे कप्पा वापरू लागले त्यांची सलग बैठक पंचवीस-तीस मिनिटांवरून तासाच्या आसपास गेली, हे मी वहीतल्या वेळांवरूनच सांगतो. उठून वीस पावले चालावे लागले की त्या वीस पावलांत माणूस स्वतःला विचारतो की खरेच काम आहे का.

घरी याचा अर्थ मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणे आणि गजरासाठी साधे घड्याळ आणणे. घरात आजारी माणूस असेल, तर दोन-तीन क्रमांकांचेच फोन वाजतील अशी सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती करून घ्यावी. काळजी घेऊन बसलेला माणूस कामात लक्ष घालू शकत नाही. नोकरीत कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटाची अडचण खरी असते. तिथे वरिष्ठांना स्पष्ट सांगावे की 'साडेदहा ते बारा मी तक्त्यावर बसणार आहे, तातडीचे असेल तर फोन करावा, गटातले बारा वाजता पाहतो.' अशी ठरावीक वेळ सांगितल्यावर वरिष्ठांनी नकार दिल्याचे माझ्याकडच्या नोकरदारांपैकी फार थोड्यांनी सांगितले.

पाचवी तपासणी : झोपेची उधारी

दिनक्रम दुसऱ्याच आठवड्यात का मोडतो, याचे सर्वांत पटणारे उत्तर मला इथे मिळाले. पहाटे पाचला उठायचे ठरते, पण रात्री झोपायची वेळ साडेबाराच राहते. रोज साडेचार तासांची झोप पहिले काही दिवस उत्साहावर निभावते, आणि उधारी मात्र रोज चढत जाते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना सलग चौदा दिवस मोजूनच झोपू दिले. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांचे अवधान आणि स्मरण दिवसेंदिवस घसरत गेले, आणि अखेरीस ते एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसांच्या बरोबरीला आले. काळजीची गोष्ट अशी की आपण इतके मंदावलो आहोत, याची त्यांना स्वतःला फारशी जाणीव नव्हती.

म्हणून उठण्याची वेळ ठरवण्याआधी झोपण्याची वेळ ठरवावी. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. पाचला उठायचे असेल तर पावणेदहाला दिवा बंद झाला पाहिजे, आणि घरातल्या जेवणाच्या वेळेमुळे ते शक्य नसेल, तर पाचचा हट्ट सोडून साडेसहाला उठावे. पहाटेच्या अभ्यासाला आपल्याकडे फार मान आहे. सात तास झोपून साडेसातला बसलेला माणूस साडेपाचला पेंगत बसलेल्यापेक्षा जास्त वाचतो, हे मी रोज पाहतो. चहा-कॉफीतील कॅफीनचा निम्मा भाग शरीरात साधारण पाच तास टिकतो, तेव्हा रात्री नऊचा कटिंग चहाही याच हिशेबात धरावा.

सहावी तपासणी : खाड्यानंतरचा दिवस

खाडा कोणालाही पडतो : लग्न, ताप, पाहुणे, वीज गेलेली. दिनक्रम तुटतो तो खाड्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि बहुतेक वेळा 'आता सोमवारपासून' या वाक्याने. एकवीस दिवसांत सवय लागते असे सर्रास सांगितले जाते. त्यामुळे अकराव्या दिवशी खाडा पडला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी लागेल असे वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला आणि मध्यक ६६ दिवसांचा होता. मधला एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेला म्हणावा असा धक्का बसला नाही, हेही त्यांनी नोंदवले आहे.

माझ्याकडे यासाठी एकच नियम आहे : सलग दोन खाडे नाहीत. दुसऱ्या दिवशी तासभर जमणार नसेल तर दहा मिनिटे बसावे, पण त्याच खुर्चीत, त्याच खुणेनंतर. बुडालेले तास भरून काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. काल बुडाले म्हणून आज दुप्पट बसणारा तिसऱ्या दिवशी हमखास येत नाही.

परीक्षेच्या तारखा पुढे जातात तेव्हा हाच नियम सर्वांत उपयोगी पडतो. राज्यसेवेची पूर्व परीक्षा १४ मार्च २०२१ रोजी व्हायची होती. ती पुढे ढकलल्याची घोषणा ११ मार्चला, अवघे तीन दिवस आधी झाली. मुलांचा संताप अगदी रास्त होता. परीक्षा २१ मार्चला झाली, म्हणजे मधे एकच आठवडा होता, पण ज्यांनी त्या आठवड्यात दिवसातून अर्धा तास का होईना बैठक टिकवली, तेच परीक्षेनंतर मुख्य परीक्षेच्या तयारीला लगेच लागू शकले.

सातवी तपासणी : घरातली माणसे

इथून पुढचे कष्टाचे आहे, कारण इतरांशी बोलावे लागते. आमच्याकडे एक ताई येत. तहसील पातळीवरच्या एका कार्यालयात लिपिक, खात्यांतर्गत परीक्षेची तयारी, घरात सासू-सासरे आणि दोन मुले. त्यांनी रात्री साडेनऊ ते अकरा ही वेळ ठरवली होती आणि ती दर वेळी मोडत असे. त्यांच्या आठवड्याच्या कागदावर साडेनऊपुढे काय होते, तर उद्याच्या डब्याची भाजी निवडणे, धाकट्याचा गृहपाठ, सासऱ्यांच्या गोळ्या. शिस्तीची कसलीही कमतरता तिथे नव्हती. ती वेळ त्यांच्या मालकीचीच नव्हती. त्यांनी पहाटे साडेचार ते पावणेसहा, म्हणजे नळाला पाणी येण्याआधीची वेळ घेतली. पण तेवढ्याने भागणार नव्हते. रात्री साडेनऊला झोपता यावे यासाठी भाजी निवडणे आणि गोळ्या देणे नवऱ्याने घेतले, आणि त्यासाठी आधी त्या दोघांना बसून बोलावे लागले. ते बोलणे व्हायला दीड महिना गेला.

घरच्यांना 'मला अभ्यास करू द्या' असे मोघम सांगू नये. कोणती वेळ, किती वाजेपर्यंत आणि त्या वेळेतले कोणते काम कोण करणार, हे तिन्ही ठरवून घ्यावे.

आठवी तपासणी : टाळलेल्या कामाच्या आत काय आहे

वरचे सगळे नीट असूनही एकच काम मागे पडत असेल, तर त्या कामात भीती दडलेली असते. एका मुलाने राज्यघटनेच्या टिपणांची तिसरी प्रत रंगीत पेनांनी लिहून काढली, पण दोन वर्षांत एकही सराव प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवली नाही. तो आळशी मुळीच नव्हता. किती गुण पडतील ते पाहण्याची त्याला भीती होती, आणि टिपणे लिहिताना ती भीती थोडा वेळ शमत असे. आम्ही शंभर प्रश्नांऐवजी दहा प्रश्न घेतले, मी समोर घड्याळ लावून बसलो, आणि दहापैकी तीन बरोबर आले. तो बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून पुढचे दहा प्रश्न घेऊन आला. भीतीच्या कामाचा अगदी लहान तुकडा, दुसऱ्या माणसाच्या सोबतीने, एवढाच याचा उपाय मला ठाऊक आहे.

स्वतः प्रयत्न करणे कुठे थांबवावे

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक किंवा झोप बदलली असेल, आपण कुचकामी आहोत असे सतत वाटत असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार एकदा जरी आला, तरी वाट पाहू नये. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे, रुग्णालय गाठावे किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी मदतवाहिनीवर फोन करावा. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

पुरेसे झोपूनही दिवसभर गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. एका मुलीला आम्ही सगळेच महिनाभर 'लवकर झोपत जा' असे सांगत राहिलो आणि तिचे हिमोग्लोबिन आठ निघाले. स्त्रियांमध्ये ते बाराच्या खाली गेले तरी पंडुरोग धरतात. तो महिना तिचा वाया गेला, याचे मला आजही वाईट वाटते. जोरात घोरणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, हेही डॉक्टरांना सांगण्याचेच लक्षण आहे. लक्ष न टिकणे, वस्तू हरवणे, काम अर्धवट सोडणे हे शाळेपासूनच, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असेल, तर अवधानाच्या विकाराची तपासणी तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी, आणि मित्राच्या सांगण्यावरून लक्ष वाढवणाऱ्या गोळ्या कधीही घेऊ नयेत.

नोकरीत दोन माणसांचे काम एकाच टेबलावर आले असेल, तर तिथेही स्वतःला दुरुस्त करत बसू नये. आठवड्याच्या नोंदीचा तोच कागद घेऊन वरिष्ठांपुढे बसावे आणि कोणते काम मागे ठेवायचे ते त्यांच्याकडून लेखी ठरवून घ्यावे.

उपचार सुरू झाल्यावर परत येताना जुने वेळापत्रक काढू नये. दहा मिनिटांच्या बैठकीपासून सुरुवात करावी, आणि पहिली तपासणी, म्हणजे सात दिवसांची नोंद, नव्याने करावी.